वाण्यापासून बनियनपर्यंत : ‘बॅनियन’ या इंग्रजी शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीत व्यापाऱ्याला मर्चंट, ट्रेडर, डीलर असे बरेच शब्द आहेत. सतराव्या आणि अठराव्या शतकात त्यांच्या जोडीला आणखी एक शब्द सर्रास चालत असे आणि तो आपल्याकडून गेलेला होता. तो शब्द म्हणजे बॅनियन. व्यापारी या अर्थाने तो आता कोणी वापरत नाही. मात्र वडाचे इंग्रजी नाव आणि आपल्या कपाटातली बनियन या दोन्हींत तो अजून टिकून आहे. प्रश्नही बहुतेक याच दोन गोष्टींवरून सुरू होतात.

बॅनियन म्हणजे नेमका कोण?

पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः गुजरातेत, भेटणारा हिंदू किंवा जैन व्यापारी. पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून इंग्रज, डच, फ्रेंच इथल्या बंदरांत उतरले. त्यांना कापड हवे असो, नीळ हवी असो की हुंडीवर रोख रक्कम, गाठ बॅनियनाशीच पडे. जातीपोटजातींचे बारकावे त्यांना कळत नसत. श्रीमाळी, ओसवाल, मोढ, भाटिया, सगळे त्यांच्या लेखी एकच. काही प्रवासी तर मुसलमान नसलेल्या कुठल्याही माणसाला बॅनियन म्हणून मोकळे झाले आहेत. म्हणून जुनी प्रवासवर्णने वाचताना या शब्दाचा अर्थ दर वेळी संदर्भावरून लावावा लागतो.

बंगालमध्ये याच शब्दाला पुढे वेगळा अर्थ आला. त्यासाठी खाली स्वतंत्र प्रश्न आहे.

शब्दाचे मूळ कोणते?

संस्कृतातला वणिज्. त्यावरून प्राकृतात वाणिअ झाले आणि तिथून आपला वाणी, गुजरातीतला वाणियो, हिंदीतला बनिया, बंगालीतला बेने. महाविद्यालयातली वाणिज्य शाखा याच घराण्यातली. म्हणजे बी.कॉम.च्या वर्गात बनियन घालून बसलेला विद्यार्थी एकाच धातूची दोन रूपे बाळगून असतो, फक्त एक संस्कृतातून सरळ आले आणि दुसरे समुद्रमार्गे फिरून आले.

वाणियोचा बॅनियन कसा झाला?

दोन बदल झाले. व चा ब झाला आणि शेवटी एक अनुनासिक चिकटला. हे कसे घडते ते मुंबईकरांना तरी समजावून सांगायला नको. वसईचे पोर्तुगीजांनी ‘बसैं’ केले आणि इंग्रजांनी त्याचेच ‘बसीन’. तिथेही व चा ब झाला आहे आणि तिथेही शेवटी न आला आहे. पालखीचे पॅलनक्वीन आणि मंत्रीचे मँडरिन ही त्याच सवयीची फळे.

पण सगळे श्रेय (किंवा दोष) पोर्तुगीजांना देता येत नाही. ते येण्याआधीच अरबी समुद्रावरचे मुसलमान व्यापारी आणि खलाशी गुजरातच्या वाण्यांना ‘बानियान’ म्हणत असावेत. अरबीत आपल्या व सारखा उच्चार नाही, त्यामुळे ब येणे साहजिक. उस्मानी आरमाराचा सरदार सीदी अली याची जहाजे १५५४ मध्ये वादळात सापडून गुजरातच्या किनाऱ्याला लागली. त्याने आपल्या प्रवासाची हकीकत लिहिली, तीत हा शब्द जवळजवळ याच रूपात येतो आणि तो त्याने सरसकट हिंदूंसाठी वापरला आहे. शेवटचा न गुजराती अनेकवचनातून आला असेल असेही यूल आणि बर्नेल सुचवतात. हे दोघे म्हणजे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशाचे कर्ते. १८८६ मध्ये निघालेला हा कोश आजही चाळायला मजा येते, आणि त्यात बॅनियनने भरपूर जागा खाल्ली आहे.

तेव्हा मार्ग असा : गुजराती, मग बहुधा अरबी, मग पोर्तुगीज, आणि शेवटी इंग्रजी. इंग्रजांनी हा शब्द गुजरात्यांच्या तोंडून ऐकून उचलला ही समजूत सोडून द्यावी. ते सुरतेत वखार घालायला आले तेव्हा शब्द त्यांच्या खिशातच होता.

परदेशी लोकांना हे व्यापारी कसे दिसले?

दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५१६ च्या सुमारास लिहिलेले वर्णन सर्वांत जुन्यांपैकी आहे आणि माझ्या मते सर्वांत वाचनीय. हे लोक जीवहत्या करत नाहीत, मांस-मासे खात नाहीत, हे त्याने नोंदवलेच. त्यापुढे तो सांगतो की गुजरातचे मुसलमान जिवंत पक्षी घेऊन यांच्या दारात येतात, मारतो म्हणून धाक घालतात, आणि वाणी वाजवीपेक्षा जास्त पैसे मोजून ते पक्षी सोडवतात आणि उडवून देतात. बाजारात पै-पैचा हिशेब करणारा माणूस चिमणीसाठी खिसा रिकामा करतो याचे युरोपीयांना जे नवल वाटले, ते पुढची दोनशे वर्षे त्यांच्या लिखाणात उतरत राहिले.

इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन १६८९ मध्ये इंग्लंडहून निघून सुरतेला आला होता. त्याने तिथल्या जनावरांच्या पांजरपोळाबद्दल लिहिले, आणि ‘बॅनियन फाइट’ हा वाक्प्रचारही आपल्यापर्यंत त्याच्यामुळेच पोहोचला. बॅनियन फाइट म्हणजे असे भांडण, ज्यात तोंडाचा पट्टा सुटतो पण हात उगारला जात नाही.

सगळ्याच लेखकांचा सूर असा मिस्कील नाही. हे लोक फार चलाख, यांच्याशी जपून, अशी तक्रार बहुतेक वखारवाल्यांच्या पत्रांत सापडते. मात्र पत्र लिहिणारा त्याच माणसाकडून उसने पैसे घेऊन बसलेला असायचा, हे लक्षात ठेवून ती वाचावीत.

वडाला बॅनियन ट्री का म्हणतात? वाणी वडाखाली बाजार भरवत म्हणून ना?

हे उत्तर शाळेच्या पुस्तकांपासून फॉरवर्ड केलेल्या मेसेजपर्यंत सगळीकडे आहे, आणि ते अर्धेच बरोबर आहे. झाडाखाली बसणारे वाणीच होते. पण ते झाड भारतातले नव्हते.

इराणच्या आखातात, आज बंदर अब्बास म्हणतात त्या बंदराला तेव्हा युरोपीय लोक गॉमब्रून म्हणत. तिथे गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती होती, आणि त्या गावाजवळ एक मोठा वड होता. वाण्यांनी त्याखाली लहानसे देऊळ बांधले होते. इंग्लंडहून किंवा युरोपातून इराणमार्गे येणारा प्रवासी या बंदरातून जायचाच. इटलीचा पिएत्रो देल्ला व्हाल्ले, इंग्रज थॉमस हर्बर्ट, फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये, सतराव्या शतकातल्या या मंडळींनी त्या झाडाचे वर्णन केले. जमिनीकडे उतरणाऱ्या आणि खोड होऊन बसणाऱ्या पारंब्या त्यांना अजब वाटल्या. त्या एका झाडाला ते ‘बॅनियनांचे झाड’ म्हणू लागले. हळूहळू त्या जातीच्या कुठल्याही झाडाला तेच नाव पडले, आणि शेवटी ‘व्यापाऱ्यांचे’ हा अर्थ गळून नुसते ‘बॅनियन’ म्हटले की झाड असे झाले.

थोडक्यात, आपल्या राष्ट्रीय वृक्षाचे इंग्रजी नाव इराणातल्या एका झाडावरून पडले आहे.

हे नाव रुळायला वेळ लागला. इंग्रज कवी मिल्टनने १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये आदम आणि ईव्ह यांना अंग झाकायला ज्या झाडाची पाने दिली आहेत, ते मलबार आणि ‘डेकन’मध्ये हात पसरून उभे असते असे तो म्हणतो. पारंब्या जमिनीत रुजतात, मधे कमानींचे मंडप होतात, हे सगळे त्याने सांगितले आहे, म्हणजे झाड वडच. (दख्खनचे नाव त्या महाकाव्यात यावे याचे मला शाळकरी कौतुक आहे.) पण तो त्याला अंजीराचेच झाड म्हणतो. बॅनियन हा शब्द तिथे नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये शास्त्रीय नाव दिले तेव्हाही वाण्यांना डावलून बंगालला मान दिला : फायकस बेंगालेन्सिस.

आपल्याकडची नावे झाडाकडे पाहून पडली आहेत. संस्कृतात त्याला न्यग्रोध म्हणतात, म्हणजे खाली वाढणारा. इंग्रजी नाव मात्र सावलीत बसलेल्या माणसाचे आहे.

मग मुंबईत दलाल वडाखाली बसायचे ही गोष्ट खोटी का?

नाही, ती वेगळी गोष्ट आहे. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, काही गुजराती आणि पारशी शेअरदलाल वडाच्या झाडांखाली जमून सौदे करत. मुंबई शेअर बाजार आपला उगम तिथेच सांगतो. त्या दलालांची रीतसर संस्था १८७५ मध्ये स्थापन झाली. पण तोपर्यंत बॅनियन ट्री हा शब्द इंग्रजीत दोनशे वर्षांहून जुना झालेला होता. वडाखालच्या वाण्यांची गोष्ट लोकांना इतकी पटते, त्याला मुंबईचे हे दृश्य बरेचसे कारण असावे.

आपण घालतो ती बनियन याच शब्दातून आली का?

हो. पण मधे एक लांबलचक झगा आहे.

सतराव्या शतकात इंग्लंड आणि हॉलंडमधल्या सुखवस्तू पुरुषांत घरी सैल झगा घालायची फॅशन आली. तंग कोट, कडक कॉलर आणि केसांचा टोप उतरवून ठेवायचा आणि हा झगा अंगावर घ्यायचा. डच कंपनीने जपानहून आणलेले किमोनो हा एक नमुना होता, भारतातले छापील सुती कापड हे त्याचे आवडते साहित्य. त्याला कोणी इंडियन गाउन म्हणे, कोणी बॅनियन. सॅम्युअल पीप्स या रोजनिशीकाराने १६६६ मध्ये आपले चित्र काढून घेण्यासाठी असा इंडियन गाउन चक्क भाड्याने आणला होता. स्वतःचा नसला तरी चित्रात तो हवा, इतकी त्याची ऐट! ते चित्र आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. अमेरिकेतही हे लोण पोहोचले. बोस्टनचा धनाढ्य व्यापारी निकोलस बॉयल्स्टन १७६७ च्या चित्रात असाच झगा घालून ऐसपैस बसला आहे. बेंजामिन रश हा डॉक्टर तर सैल कपड्यांत बुद्धी मोकळेपणी चालते असे गंभीरपणे मांडत असे.

गुजरातचा वाणी असा भरजरी झगा घालून पेढीवर बसत नव्हता, हे सांगायला हवे का? तो पातळ पांढऱ्या सुती कापडाचा अंगरखा घाली. भारतात राहणाऱ्या इंग्रजांनी उकाड्याला वैतागून त्याच धर्तीवर मलमलीचा आत घालायचा कपडा शिवून घेतला आणि त्यालाही बॅनियनच म्हटले. हॉब्सन-जॉब्सनने तो बदल बरोबर पकडला आहे : आधी मलमलीची, हिंदूंच्या अंगवस्त्रासारखी दिसणारी म्हणून हे नाव, आणि आता ताणल्या जाणाऱ्या विणीच्या सुती, लोकरी वा रेशमी आतल्या कपड्याला. म्हणजे १८८६ मध्ये बनियन जवळजवळ आजच्या रूपाला आलेली होती. इंग्लंडमध्ये पुढे झग्याची फॅशन सरली आणि कपड्याचे नावही गेले. आतल्या कपड्याला बनियन म्हणणारे आता मुख्यतः आपल्याच उपखंडात उरले आहेत.

आणि गंजीफ्राक?

त्याचा वाण्यांशी संबंध नाही. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावरच्या कोळ्यांचा विणलेला सदरा म्हणजे गर्न्सी फ्रॉक, त्याचे आपण गंजीफ्राक केले. शेजारचे बेट जर्सी, तिथली जर्सी आपण क्रिकेटच्या मैदानावर घालतो. जुन्या मुंबईकराच्या वाळत घातलेल्या कपड्यांत सुरत आणि ही दोन्ही बेटे शेजारी शेजारी सापडतील.

‘बॅनियन डे’ हा काय प्रकार?

ब्रिटिश आरमारातला बिनमांसाचा दिवस. अठराव्या शतकात खलाशांच्या आठवड्याच्या शिध्यात दोन दिवस खारवलेले गोमांस, दोन दिवस डुकराचे मांस, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार कोरडे. त्या दिवशी ओटची पेज, वाटाणे, लोणी, चीज यांवर भागवायचे. त्यात अहिंसा वगैरे काही नव्हते. मांसावरचा खर्च वाचायचा. पण वाणी मांस खात नाहीत हे खलाशांना ठाऊक होते, म्हणून त्या उपाशी दिवसांना त्यांनी वाण्यांचे नाव दिले, आणि ते प्रेमाने दिलेले नव्हते.

गंमत पुढे आहे. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्या आरमारांत हा शब्द अजून चालतो, पण आता बॅनियन म्हणजे किनाऱ्यावर किंवा डेकवर केलेली मौजेची पार्टी. तिथे निखाऱ्यावर बहुधा मांसच भाजले जाते.

कोलकात्यातले बॅनियन कोण होते?

इथे शब्दातली जात पुसली गेली आणि नुसता हुद्दा उरला.

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा तरुण कारकून कोलकात्याला उतरे तेव्हा त्याच्या गाठीला पैसा नसे, भाषा येत नसे, आणि पगार तुटपुंजा. खासगी व्यापार करून गब्बर व्हायची इच्छा मात्र जबर. त्याला एक स्थानिक माणूस लागे. तो भांडवल देई, नोकरचाकर लावून देई, माल घेई-विकी, जामीन राही, आणि साहेबाच्या नावावर करता येत नाही असा व्यवहार आपल्या नावावर करी. हाच बॅनियन. यातले फार थोडे जातीने वाणी होते. वॉरन हेस्टिंग्जचा बॅनियन कृष्णकांत नंदी, ज्याला इंग्रज कांतूबाबू म्हणत, तो तिली जातीचा. त्याने कासिमबझारच्या जमीनदार घराण्याचा पाया घातला. रामदुलाल दे हा कायस्थ. तो इंग्रजांपेक्षा अमेरिकन व्यापाऱ्यांचा बॅनियन म्हणून गाजला. त्यांनी कृतज्ञतेने १८०१ मध्ये त्याला जॉर्ज वॉशिंग्टनचे तैलचित्र भेट पाठवले.

साहेब मालक आणि बॅनियन नोकर असे कागदावर दिसते. पण धनी कोण आणि चाकर कोण हे त्या काळच्या इंग्रजांनाच नीट सांगता येत नसे. कर्जात बुडालेला साहेब बॅनियनच्या मुठीत असे आणि अडचणीत आलेला बॅनियन साहेबाच्या अधिकाराआड लपे. पार्लमेंटमध्ये कंपनीच्या कारभाराची चिरफाड झाली तेव्हा हा शब्द वारंवार आला, आणि इंग्रजी वाचकाच्या मनात त्याला जो वाईट वास चिकटला तो तिथला.

मद्रासेत याच कामाच्या माणसाला दुबाश म्हणत, म्हणजे आपला दुभाषी. मुंबईतल्या पारशी दुबाश आडनावाचे मूळही तेच.

महाराष्ट्राच्या इतिहासात हे बॅनियन कुठे भेटतात?

पहिली भेट सुरतेत, जानेवारी १६६४. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा ज्या बड्या धनिकांचे वाडे खणून काढले त्यांत मराठी पुस्तकांतला ‘बहरजी बोहरा’ हा प्रमुख. नावावरून पुष्कळांना तो बोहरी मुसलमान वाटतो. तो होता वीरजी वोरा, जैन व्यापारी, आणि इंग्रजांच्या कागदांतला त्या काळातला सर्वांत मोठा बॅनियन. ईस्ट इंडिया कंपनीची सुरतेची वखार वर्षानुवर्षे त्याच्याकडून कर्ज काढत होती. मिरीसारख्या मालाचा आलेला साठा तो घाऊक उचले, आणि भाव तो म्हणेल तो.

दुसरी भेट भीमजी पारेख. हा कंपनीचा सुरतेचा दलाल. १६६९ मध्ये काजीच्या जाचाला कंटाळून सुरतेचे हजारो वाणी शहर सोडून भरुचला निघून गेले आणि काही महिने सुरतेचा बाजार थंड पडला. त्या प्रकरणात भीमजी पुढारी होता. मुंबईला वेगळ्याच कारणाने त्याची आठवण हवी. जुने ग्रंथ छापावेत म्हणून त्याने कंपनीकडे छपाईयंत्र आणि मुद्रक मागितला, आणि १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईत आला. हिल्सला छापता येत होते, देशी अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते. तेव्हा भीमजीने आपल्याच माणसांना कामाला लावले. त्यांनी ‘बॅनियन अक्षरांत’ छापलेले कागद पाहिले, ते स्वच्छ वाचता येतात, असे सुरतेच्या वखारीने कंपनीला कळवले. देशी लिपीत छपाईचा मुंबई इलाख्यातला हा पहिला प्रयत्न एका वाण्याच्या पैशाने झाला. मुद्रणाच्या इतिहासावर काम करणाऱ्या अ. का. प्रियोळकरांनी हे प्रकरण तपशिलात मांडले आहे.

तिसरी भेट मुंबईतल्या एका कराराची. १६७७ मध्ये दीवचा निमा पारख मुंबईत यायला तयार झाला, पण अटी घालून. आम्हाला धर्म पाळायची मोकळीक हवी, घर-वखारीला जागा हवी, आणि आमच्या आवारात कोणीही कसलाही जीव मारता कामा नये. गव्हर्नर आँजियेच्या काळात हे मान्य झाले. दलदलीच्या, तापाने ग्रासलेल्या बेटावर माणसे आणायची तर वाण्यांच्या अटींवर आणावी लागत होती.

आजच्या इंग्रजीत व्यापाऱ्याला बॅनियन म्हणता येईल का?

नाही. ऐकणाऱ्याला झाड वाटेल. भारतीय इंग्रजीत बनिया हा शब्द आहे, पण तो जातीचे नाव आहे, आणि चिक्कूपणाची शेरेबाजी करायला तो वापरला जातो तेव्हा समोरच्याला लागतो. ऐतिहासिक लेखनात, त्या काळापुरता, बॅनियन वापरायला हरकत नाही.

मराठीत बनियन लिहावे की बनियान?

दोन्ही चालतात. पुण्या-मुंबईकडे बनियन जास्त ऐकू येते. विदर्भात हिंदीच्या शेजारामुळे बनियान. इंग्रजीतही दोन स्पेलिंगे आहेत, आणि झाडासाठी ‘वाय’चे रूप अधिक रुळले आहे. दुकानात मात्र कुठलेही म्हणा, आधी साइजच विचारतात.